पदक तिचे, पाणी कोणाचे?

लंडन येथे १९४८ साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत ३ ऑगस्ट रोजी व्हिकी ड्रेव्ह्ज या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणीने तीन मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डवरून सूर मारण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तीन दिवसांनी, ६ ऑगस्टला, दहा मीटर उंच मंचावरून सूर मारण्याच्या स्पर्धेचे सुवर्णपदकही तिनेच जिंकले. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही पदके मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. आशियाई वंशाच्या अमेरिकनांपैकी ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणारीही तीच पहिली.

फिलिपिनो बाप, इंग्रज आई, गरिबीचे घर, वर्णद्वेषाचे चटके आणि शेवटी वेम्बलीच्या तलावाकाठी दोन सुवर्णपदके! एवढी सामग्री हाताशी असली की गौरवकथा आपोआप रचली जाते आणि तिचे तात्पर्यही आधीच ठरलेले असते: अंगी गुण आणि मनात जिद्द असेल तर वाट सापडतेच, समाजव्यवस्था कशीही असो, कर्तृत्ववान माणूस वर येतोच. शाळेच्या क्रमिक पुस्तकात, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत, पुढाऱ्यांच्या सत्कारसभेतील भाषणात हे तात्पर्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतही नाही. आपल्या कार्यकर्त्यांनाही वाटत नाही, हे अधिक चिंतेचे आहे. म्हणून व्हिकीचे आयुष्य जरा जवळून पाहायला हवे. त्या आयुष्यातून निघणारे तात्पर्य या ठरीव तात्पर्याच्या नेमके उलट आहे, असे माझे म्हणणे आहे.

साम्राज्याची लेक

व्हिक्टोरिया मनालो हिचा जन्म ३१ डिसेंबर १९२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडील कामकरी वस्तीत झाला. वडील तेओफिलो मनालो फिलिपिन्सचे, आई गर्ट्रूड टेलर इंग्लंडची. फिलिपिनो माणूस त्या काळी कॅलिफोर्नियात कसा आला, हे सांगितल्याशिवाय ही कथा सुरूच होत नाही. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर डिसेंबर १८९८ च्या तहाने अमेरिकेने फिलिपिन्स बेटे दोन कोटी डॉलर देऊन घेतली. तिथल्या जनतेला या सौद्याबद्दल कोणी विचारले नव्हते. जनतेने शस्त्र उचलले तेव्हा तो उठाव रक्तात बुडवण्यात आला. पुढे त्याच बेटांवरची तरुण मुले हवाईच्या उसाच्या मळ्यांत, कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या शेतांत आणि अलास्काच्या मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबायला आणली गेली. ती अमेरिकेच्या निशाणाखालची प्रजा होती. पण अमेरिकेची नागरिक नव्हती. मजुरी करायला आपली आणि हक्क मागायला परकी, अशी माणसे प्रत्येक साम्राज्याला लागतात. आपल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या मजुरांना गोऱ्या समाजाने कसे वागवले? जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल या गावी गोऱ्या जमावाने फिलिपिनो मजुरांवर कित्येक दिवस हल्ले केले. निमित्त होते नाचघरात फिलिपिनो तरुण गोऱ्या मुलींबरोबर नाचतात हे. फर्मिन तोबेरा नावाचा बावीस वर्षांचा शेतमजूर गोळीने मारला गेला. गोऱ्यांचे इतर वंशीयांशी लग्न होऊ न देणारा कायदा त्या राज्यात होताच. पण त्यात फिलिपिनो माणसाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १९३३ साली न्यायालयाने ही उणीव दाखवताच विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात ‘मलाय वंश’ हे शब्द घालून ती भरून काढली. म्हणजे व्हिकी आठ वर्षांची असताना तिच्या राज्याने कायद्याने जाहीर केले की तिच्या आईबापांसारखे लग्न यापुढे कोणी लावता कामा नये. दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, अमेरिकेने फिलिपिन्सला पुढे केव्हातरी स्वातंत्र्य देण्याचा कायदा केला आणि त्याच कायद्याने वर्षाला फक्त पन्नास फिलिपिनो माणसांना देशात येऊ देण्याची मर्यादा घातली. स्वातंत्र्य देतानाही दार लावून घेण्याची घाई किती!

नाव बदलण्याची किंमत

व्हिकीला लहानपणी नृत्य शिकायचे होते. घरच्यांना ते परवडणारे नव्हते. पोहायलाही ती नऊ-दहा वर्षांची झाल्यावर शिकली, तेही उन्हाळ्यात रेडक्रॉसने चालवलेल्या वर्गात. पाच सेंट देऊन ज्या तलावात उतरता येई, तो तिचा तलाव. सूर मारण्याचे पद्धतशीर शिक्षण तिने सोळाव्या वर्षी सुरू केले. ज्या खेळात आठव्या-नवव्या वर्षापासून शरीराला वळण लावावे लागते, त्या खेळात सोळावे वर्ष म्हणजे फार उशीर. हा उशीर आळसाचा नव्हता. तो पाच सेंटांच्या आणि पाच डॉलरांच्या तलावांमधल्या अंतराचा होता.

शहरातल्या फेअरमाँट हॉटेलच्या पोहण्याच्या क्लबात फिल पॅटरसन नावाचे मार्गदर्शक शिकवीत. मुलीचे अंगचे कसब त्यांना दिसले. परंतु मनालो आडनावाची मुलगी त्या क्लबाची सभासद होऊ शकत नव्हती. तोड काय निघाली? तिच्यासाठी वेगळी, नावापुरती एक संस्था काढायची आणि मुलीने बापाचे आडनाव टाकून आईचे घ्यायचे. मनालोची टेलर झाली. टेलर या नावाखाली तिच्या कातडीचा रंग गोऱ्यांच्या डोळ्यांना खुपेनासा झाला म्हणायचे! पाणी तेच, फळी तीच, मुलगीही तीच. बदलले ते फक्त बापाचे नाव.

इथे आपल्यातलेच काही जहाल मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, हिने अन्यायाशी तडजोड केली, निषेधाचा एक शब्दही उच्चारला नाही. मग समाजवादी नियतकालिकाने हिचे गोडवे का गावेत? आक्षेप दिसतो तेवढा पोकळ नाही. व्हिकी ड्रेव्ह्ज ही कोणत्याही चळवळीची कार्यकर्ती नव्हती, हे खरेच. तिने मोर्चा काढला नाही, पत्रक काढले नाही. पुढे ती त्या दिवसांबद्दल बोलली. पण कडवटपणा हा तिचा स्वभाव नव्हता. तिला आपण मागाहून क्रांतिकारक ठरवू लागलो, तर ती एक नवी भाकडकथा होईल.

परंतु या आक्षेपात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे कोण राहते, याचा विचार करा. सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीपुढे दोनच पर्याय ठेवले जातात: बापाचे नाव सोड किंवा पाणी सोड. तिने नाव सोडले. आपल्याकडेही शहरात खोली मिळावी, नोकरी टिकावी, पोरांना शाळेत कोणी टोचून बोलू नये म्हणून ज्यांनी आडनावे बदलली, अशी कुटुंबे तुमच्या-माझ्या ओळखीची आहेत. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार ज्यांना आडनावामुळे कधी काही सोसावे लागले नाही त्यांना कोणी दिला? न्याय करायचा असेल तर तो पर्याय पुढे ठेवणाऱ्या व्यवस्थेचा करा. अपमान ज्याने गिळला त्याच्या घशाची तपासणी करत बसू नका.

विटाळाचे पाणी

व्हिकीचा जिवलग मित्र सॅमी ली हाही सूर मारणारा, कोरियन आईबापांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेला. त्याच ऑलिंपिकमध्ये दहा मीटर मंचावरचे पुरुषांचे सुवर्णपदक त्याने जिंकले आणि १९५२ साली ते पुन्हा मिळवले. त्याच्या लहानपणी पासाडीना शहराच्या सार्वजनिक तलावात गोरेतर मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे. त्या दिवसाला नाव मोठे गोंडस होते: ‘आंतरराष्ट्रीय दिवस’! तो दिवस संपला की तलावातले पाणी काढून टाकीत आणि गोऱ्यांसाठी नवे भरीत. उरलेल्या दिवशी काय करायचे? सॅमी वाळू भरलेल्या खड्ड्यात उड्या मारून सराव करी. जगातला सर्वांत श्रीमंत देश आपल्या भावी सुवर्णपदक विजेत्याला वाळूत सूर मारायला लावीत होता!

तलाव उपसणे ही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला नवखी वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यातून घागरी उपसल्या आणि त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून पाणी ‘शुद्ध’ करून घेतले. महाडला मंत्र होते, पासाडीनाला निचऱ्याची मोरी होती; दोन्हीकडची भावना एकच. तळे सार्वजनिक आहे हा निर्णय उच्च न्यायालयातून मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. पासाडीनातही कृष्णवर्णीय नागरिकांनी १९३९ साली खटला भरला, तो जिंकला. आणि तरीही शहराने तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी काही काळ चक्क कुलूप लावून ठेवला. १९४७ साली तो सर्वांसाठी उघडला. मुंबईत समुद्राकाठच्या ब्रीच कँडीच्या तरणतलावावर तर गोऱ्यांची मिरासदारी देश स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षे टिकून होती.

पाण्यावरच एवढा कडेकोट पहारा का? रस्त्यावर, बाजारात, कारखान्यात माणसे शेजारी चालतात ते चालवून घेतले जाते. कारण तिथे त्यांच्या श्रमाची गरज असते. तलावात श्रम नसतो, विश्रांती असते. अंगावर कमीत कमी कपडे असतात. एकाच्या अंगाला लागलेले पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागते. म्हणजे तलावात उतरणे ही समतेची एक शारीरिक कबुली असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील शहरांचा इतिहास सांगतो की तलावांवर पुरुषांचे आणि स्त्रियांचे दिवस वेगळे होते तोवर वर्णभेद तितका कडक नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले आणि त्याबरोबर काळ्या माणसांना हाकलणे सुरू झाले. वर्णाचा पहारा हा स्त्रीच्या देहावरचाही पहारा असतो. जातीचेही तेच. व्हिकीच्या आईबापांच्या लग्नावर बंदी घालणारा कायदा आणि व्हिकीला तलावावर अडवणारा नियम, दोन्ही एकाच कारखान्यातले.

हौशी कोणाला परवडते?

वर्णाबरोबर वर्गाचाही हिशेब मांडला पाहिजे. १९४२ साली शालेय शिक्षण संपताच व्हिकीने लष्कराच्या वैद्यकीय कचेरीत लेखनिकाची नोकरी धरली. दिवसभर नोकरी आणि उरलेल्या वेळात सराव, असे तिचे दिवस होते. युद्धाच्या धामधुमीत मार्गदर्शक बदलले, तलाव बदलले, वडील वारले. लाइल ड्रेव्ह्ज या मार्गदर्शकाची गाठ सॅमी लीने घालून दिली आणि १९४६ साली तिने त्याच्याशी लग्न केले. त्या वर्षापासून सलग तीन वर्षे मंचावरच्या सुरांचे राष्ट्रीय अजिंक्यपद तिने मिळवले.

या साऱ्या काळात खेळातून एक छदामही मिळवण्याची तिला मुभा नव्हती. ऑलिंपिकचा नियमच तसा होता: खेळाडू ‘हौशी’ पाहिजे. या हौशीपणाभोवती पावित्र्याचे केवढे वलय उभे केले गेले! त्याचे मूळ मात्र इंग्रज उमरावांच्या वर्गाभिमानात आहे. १९४८ च्या ऑलिंपिकमधील नौकांच्या शर्यती ज्या हेन्ले गावी झाल्या, तिथल्याच प्रतिष्ठित वार्षिक शर्यतीत हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाला १९३७ पर्यंत हौशी मानतच नसत. सुतार, लोहार, मजूर यांच्या हाताला श्रमाने बळ आलेले असते, तेव्हा त्यांच्याशी शर्यत कशी लावायची, हा त्यांचा युक्तिवाद! ज्याला पोटाची चिंता नाही त्याने खेळावे आणि ज्याला आहे त्याने बघावे, एवढाच त्या पावित्र्याचा अर्थ.

त्याच लंडनला आपले खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या मदतीवर गेले होते आणि कुस्तीत सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना दारोदार वर्गणी मागावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक मिळाले तेव्हा ते अर्थातच ‘भारताचे’ झाले. गहाणखत मात्र खर्डेकरांचेच राहिले. व्हिकीची कथा आणि खाशाबांची कथा यांत महासागराचे अंतर असले तरी हिशेबाची वही एकच आहे: खर्च व्यक्तीच्या खात्यावर, जमा राष्ट्राच्या.

पदकाने काय बदलले?

वेम्बलीच्या तलावावर ३ ऑगस्टला व्हिकीला १०८.७४ गुण मिळाले आणि तिचीच देशभगिनी झोई अ‍ॅन ओल्सेन हिला १०८.२३. फरक जेमतेम अर्ध्या गुणाचा. सुराचा खेळ मोठा निर्दय आहे. मंचावरून पाय सुटल्यापासून पाणी लागेपर्यंत दोन सेकंदांचाही अवधी नसतो. त्यात शरीर वळवायचे, मुडपायचे, पुन्हा सरळ करायचे आणि पाण्याला कमीत कमी तडा जाईल असे आत शिरायचे. त्या क्षणांत आडनाव कोणी विचारत नाही. व्हिकीच्या आयुष्यात असे क्षण किती थोडे होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या सुरांचे मोल कळते. त्या कौशल्याबद्दल आदर बाळगायला कोणत्याही विचारसरणीची आडकाठी नसावी.

पण प्रश्न असा आहे की या दोन पदकांनी कॅलिफोर्निया बदलला काय? तिने पदके जिंकली त्या दिवशी मिश्रविवाहबंदीचा कायदा त्या राज्यात जिवंत होता. तो दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९४८ रोजी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. हे पदकामुळे घडले का? मुळीच नाही. अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या जोडप्याने विवाहाचा परवाना नाकारला गेला म्हणून दाद मागितली, ती शेवटपर्यंत लढवली, म्हणून घडले. ही दोघे भेटली होती युद्धकाळात विमानाच्या कारखान्यात काम करताना. ज्यांच्या नावाची पाटी कुठल्याही क्रीडांगणावर नाही अशा दोन कामगारांनी जे साधले, ते दोन सुवर्णपदकांनी साधले नाही.

सॅमी लीचा अनुभव तर याहून बोलका आहे. १९५४ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला आशियाई देशांच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवले. पाहा, आमच्या देशात वर्णभेद नाही. कोरियन माणूसही आमच्याकडे डॉक्टर होतो, लष्करात अधिकारी होतो, ऑलिंपिकवीर होतो, हे जगाला दाखवायचे होते. आणि १९५५ साली हाच दोनदा सुवर्णपदक जिंकलेला डॉक्टर कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्ह येथे घर घ्यायला गेला तेव्हा तो गोरा नाही म्हणून त्याला घर विकायला नकार मिळाला. वृत्तपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे मार्ग निघाला. ज्याचा बोभाटा होऊ शकत नाही अशा साध्या फिलिपिनो, कोरियन किंवा कृष्णवर्णीय मजुराचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वर चढलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून खाली दाबलेल्या हजारोंना गप्प करायचे, हे सत्ताधाऱ्यांचे जुने तंत्र आहे. पदकाचा यापरता गैरवापर नाही.

स्वतः व्हिकी १९४९ साली वडिलांच्या देशात जाऊन तिथल्या लोकांपुढे सूर मारून आली. ऑलिंपिकनंतर ती पाण्यावरच्या करमणुकीच्या खेळांत काम करू लागली आणि हौशीपणाच्या नियमानुसार स्पर्धांचे दार तिला बंद झाले. पंचविशीच्या आत जगज्जेतीची कारकीर्द संपली. चार मुलगे वाढवले, पतीबरोबर पोहण्याचे आणि सूर मारण्याचे वर्ग चालवले. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या तिच्या जन्माच्या वस्तीत एका उद्यानाला तिचे नाव दिले गेले, आणि त्यात ‘मनालो’ हे नाव आहे. बापाचे नाव परत मिळायला सहा दशकांहून अधिक काळ लागला. ११ एप्रिल २०१० रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी तिचे निधन झाले.

तलाव बुजवणारे

वर्णभेद कायद्याने गेला, मग आता रडगाणे कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांनी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराची हकिकत वाचावी. न्यायालयाच्या निकालामुळे सार्वजनिक तलाव सर्वांना खुले करण्याची वेळ आली, तेव्हा शहराने ते तलाव बंदच करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव बंद करण्यात घटनाभंग नाही. कारण बंदी काळ्यांना आणि गोऱ्यांना सारखीच लागू आहे! किती आदर्श समता! ज्यांच्या अंगणात स्वतःचे तलाव होते किंवा ज्यांना खाजगी क्लबाची वर्गणी झेपत होती, ते पोहत राहिले. बाकीच्यांची मुले उन्हात राहिली. नियमाने अडवता येईना तेव्हा पैशाने अडवायचे. सार्वजनिक वस्तू सर्वांची होणार असे दिसताच ती वस्तूच नष्ट करायची. ही युक्ती केवळ अमेरिकेपुरती आहे, असे ज्याला वाटते त्याने आपल्या गावच्या सार्वजनिक शाळेकडे आणि दवाखान्याकडे एकदा पाहून यावे.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांना एक शब्द. खेळ म्हणजे भांडवलदारी व्यवस्थेने जनतेला दिलेली अफू, त्यात आपण कशाला पडावे, असे मानणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. आणि याच्या अगदी उलट, समाजवादी म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी पदकांच्या यादीत अमेरिकेला मागे टाकले की ज्यांची छाती फुगे, असेही होते. दोघेही चुकले. पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्यांनी पदकांच्या हव्यासापायी कोवळ्या वयाच्या पोहणाऱ्या मुलींना पुरुषी संप्रेरके दिली, त्यांना न विचारता, न सांगता; हे त्या राज्याच्या अस्तानंतर त्याच्याच दप्तरातून उघड झाले. माणसाच्या देहाला राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे यंत्र करणे, हे लाल निशाणाखाली झाले म्हणून समाजवाद ठरत नाही. आणि खेळ ही जर अफू असेल, तर पासाडीनाच्या गोऱ्यांनी ती काळ्या-पिवळ्या मुलांपासून एवढी जपून का ठेवली? विश्रांती, मोकळीक, शरीराचा आनंद या गोष्टी श्रीमंतांच्या मालकीच्या नाहीत. आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी ज्या कामगारांनी प्राण दिले, त्यांनी उरलेल्या तासांवरही हक्क सांगितला होता.

तेव्हा व्हिकी ड्रेव्ह्जच्या चरित्राचे तात्पर्य ‘जिद्द असेल तर वाट सापडते’ हे नव्हे. जिद्द असलेल्या एकीला वाट सापडली, तीही बापाचे नाव दाराबाहेर ठेवून. आणि ती ज्या वाटेने गेली ती वाट तिच्यामागून पुन्हा बंद झाली, हे खरे तात्पर्य आहे. पाच सेंटांच्या त्या तलावात तिच्याबरोबर पोहणाऱ्या इतर मुलींत आणखी कोणी तिच्या तोडीची होती काय, हे कोणालाही कधीच कळणार नाही. न कळणारी ती नावे हाच व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा आरोप आहे.

आपल्या गावातली किंवा तालुक्यातली एखादी मुलगी पदक जिंकून येईल तेव्हा तिची मिरवणूक जरूर काढा. तिचा तो हक्क आहे. पण दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन चार प्रश्न विचारा. सार्वजनिक तलाव आहे काय, आणि असला तर त्याचे शुल्क मजुराच्या मुलीला परवडते काय? स्त्रियांसाठी ठेवलेली वेळ ही नोकरदार आणि कष्टकरी स्त्रीला जमणारी आहे, की कोणालाच न जमणारी? शिकवणारा माणूस पगारावर नेमलेला आहे, की फक्त कागदावर? आणि वस्तीतल्या मुली तिथे येत नसतील तर त्या का येत नाहीत, हे कोणी त्यांच्या घरी जाऊन विचारले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सभागृहात, सभागृहाबाहेर, प्रभागात आणि वेळ पडली तर तलावाच्या दारात बसून ते विचारत राहिले पाहिजे. चवदार तळ्यावर जे घडले ते एका ओंजळीपुरते नव्हते. जे पाणी सर्वांचे आहे, त्यात उतरण्यासाठी कोणालाही आपले नाव बाहेर ठेवावे लागू नये, एवढीच ती मागणी होती; आणि ती अजून पुरी व्हायची आहे.